कुणाचंही नाव न घेता

आमच्या मंडळाच्या ग्रुपची मी ॲडमिन आहे, आणि हे पद मी मागून घेतलेलं नाही. आधीच्या ॲडमिनबाई टेक्ससला राहायला गेल्या, जाता जाता त्यांनी फोनवर दोन-चार बटणं दाबली, आणि सकाळी उठून बघते तर मी ॲडमिन. श्रूजबरी आणि आसपासच्या गावांतली बरीचशी मराठी घरं या ग्रुपवर आहेत. कुणाला बेबीसिटर हवी असते, कुणाला बॉस्टनच्या विमानतळापर्यंत राइड, कुणाच्या आईबाबांच्या बॅगेत मेतकुटाला जागा असते. या कशाचाच मला त्रास नाही. मला दमवते ती टीका, म्हणजे आमच्याकडे टीका करायची जी रीत आहे ती.

रीत सोपी आहे. स्तुती करायची ती नाव घेऊन, फोटोसकट, जमल्यास नवऱ्याचंही नाव घालून. टीका करायची ती कुणाचंही नाव न घेता. पुरणपोळ्या मऊ झाल्या तर त्या कुणाच्या होत्या हे साऱ्या मॅसॅच्युसेट्सला कळतं. कडक झाल्या तर दोन दिवसांनी मेसेज येतो, ‘कुणाचंही नाव घेत नाही, पण हल्ली काही जणांकडून क्वालिटी मेंटेन केली जात नाही.’ पुढे जोडलेले हात. ते हात दिसले की समजायचं, कुणाला तरी हाणलेलं असतं आणि कुणाला ते शोधायचं काम आता शंभर घरं करणार असतात.

लिहिणाऱ्याची समजूत अशी की ज्याला लागायचं त्याला बरोबर लागेल. एवढ्या वर्षांत असं घडलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. ज्याच्यासाठी लिहिलेलं असतं तो निवांत असतो. ज्याचा काडीचा संबंध नाही तो रात्रभर तळमळतो आणि सकाळी मला विचारतो, माझ्याबद्दल होतं का?

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते, त्याचा पगार घेते. ऑफिसातही टीकेची एक भाषा आहे आणि सुरुवातीला तिनं मला वीट आणला होता. ‘हे मुद्दाम असं ठेवलंय का?’ याचा अर्थ हे साफ चुकलंय. ‘मला कदाचित नीट समजलं नसेल’ याचा अर्थ तुला समजलेलं नाही. सगळं कापसात गुंडाळलेलं. पण तिथे निदान प्रोग्रॅममधली ती ओळ कोणी लिहिली हे समोर असतं. ज्याची चूक त्याच्याच खाली शेरा, तो वाचतो, तोंड वाकडं करतो आणि दुरुस्त करतो. ग्रुपवर तेवढीही सोय नाही.

परवाच्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्याकडे गणपती वीकेंड बघून येतात. शाळेचा कॅफेटेरिया भाड्यानं घेतात, आणि त्या दिवशी सगळे मिळून जेवढ्या आरत्या म्हणता येतील तेवढ्या म्हणतात. आमच्यात एक गृहस्थ आहेत, त्यांना आरती सुरू झाली की माईक लागतो. आवाज खणखणीत आहे, हौस त्याहून खणखणीत, फक्त सुराशी त्यांचं कधी बोलणं झालेलं नाही. नाव मीही घेणार नाही, मला याच गावात राहायचं आहे. यंदा शाळेनं नवीन स्पीकर बसवले होते. पहिल्या आरतीच्या दुसऱ्या कडव्याला लहान मुलांनी कानात बोटं घातली, आणि मोठ्यांनी घातली नाहीत ती केवळ हात जोडलेले होते म्हणून.

रविवारी दुपारी मंडळाच्या सेक्रेटरीचा मेसेज आला. ‘कुणाचंही नाव घेत नाही. परंतु ज्यांचा सूर लागत नाही अशा व्यक्तींनी आरतीच्या वेळी कृपया माईकपासून दूर राहावे. सर्वांचा आनंद जपूया.’ खाली जोडलेले हात आणि एक छोटा गणपती.

पहिला अंगठा माईकवाल्या गृहस्थांचा आला. पाठोपाठ त्यांनी लिहिलं, ‘अगदी मनातलं बोललात. कुणीतरी हे बोलायलाच हवं होतं.’

मी ते दोनदा वाचलं. माझी मुलगी वीकेंडला घरी आली होती, ओट्याशी उभी राहून सीरिअल खात होती. काय चाललंय ते मी तिला समजावून सांगितलं. “व्हाय डोंट दे जस्ट टेल हिम?” तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाऊल धुवायला लागली. 

सोमवारी सकाळी ग्रुपवर ती करड्या बारीक अक्षरातली ओळ उमटली, अमुक व्यक्ती ग्रुपमधून बाहेर पडली. त्या होत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या काकू.

काकू सत्तरी ओलांडलेल्या. सहा वर्षांपूर्वी काका गेले आणि मुलानं त्यांना इकडे आणलं. आम्ही सगळे दुसऱ्या कडव्यापासून नुसते ओठ हलवतो, काकूंना प्रत्येक आरती शेवटच्या शब्दापर्यंत पाठ. म्हणून कमिटीच त्यांना दरवर्षी पुढे बोलावते आणि माईकजवळ उभं करते. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर आवाज घोगरा झाला. खाली असला की चालून जातो, वर गेला की फाटतो. हे सगळ्यांना ऐकू येत होतं आणि सगळे मूग गिळून होते. कार्यक्रम संपला की त्यांच्याभोवती गर्दी व्हायची, काकू, तुमच्यामुळे शोभा आली, काकू, तुम्ही होतात म्हणून.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. ताई, आईचा गुडघा दुखतोय, शनिवारी भजनाला येणार नाही. आणि ग्रुपमधून ती चुकून बाहेर पडली असेल, पण तिला परत ॲड करू नका. चुकून बाहेर पडली तर परत का घ्यायचं नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शनिवारचं भजन ही त्या बाईंची आठवड्यातली एकमेव स्वतःची जागा. बाकी सगळा आठवडा नातवंडांच्या वेळापत्रकावर चालतो. तीच जागा आता गेली होती.

मी सेक्रेटरीला फोन लावला. तो माझ्याच वयाचा आहे, आम्ही जवळपास एकाच वेळी इकडे आलो. काकूंचं ऐकून तो खरोखर हादरला. त्याच्या डोक्यात काकू नव्हत्याच, माईकवाले होते. मग लिही तसं, मी म्हटलं, माफी माग.

“यार, मी कुणाचं नावच घेतलेलं नाही,” तो म्हणाला. “मग माफी कुणाची मागू?”

निदान काकू नव्हेत एवढं तरी लिही, मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला की माईकजवळ तिघंच होते, काकू, तो स्वतः आणि ते. काकूंना वगळलं की लहान मूलसुद्धा हिशेब करेल. आणि ते दुखावले तर पंचाईत, कारण मंडळाची मोठी मूर्ती वर्षभर त्यांच्याच गराजमध्ये असते. आम्ही छोट्या मूर्तीचं बादलीत विसर्जन करतो, मोठी बबलरॅपमध्ये गुंडाळून त्यांच्याकडे जाते. हेही खरंच होतं. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

तरी त्यानं खुलासा टाकला. ‘वरील मेसेज ज्येष्ठ मंडळींना उद्देशून नव्हता.’ झालं. साठीच्या आतल्यांनी आपसांत विचारायला सुरुवात केली. एका बाईंनी मला खासगीत लिहिलं की त्या सत्तावन्नच्या आहेत, तर हे त्यांना लागू आहे का. तबला वाजवणाऱ्यानं विचारलं, सूर म्हणजे तबलाही धरायचा का. वूस्टरच्या एका जोडप्यानं कळवलं की ते त्या दिवशी आलेच नव्हते, पण वाचून वाईट वाटलं. मग खुलाशाचा खुलासा आला. बुधवारी मी हात टेकले आणि ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ हे बटण दाबलं. ग्रुप शांत झाला. ज्यांच्यासाठी हा सगळा आटापिटा चालला होता त्या यातलं काहीच वाचत नव्हत्या, त्या सोमवारीच निघून गेल्या होत्या.

गुरुवारी मी घरूनच काम करते. लंचच्या वेळेला काकूंकडे गेले. मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत. पायरीवर हॅलोविनसाठी दोन भोपळे मांडून ठेवलेले. काकूंनी लगबगीनं येऊन दार उघडलं, गुडघ्याला काही झालेलं दिसलं नाही.

त्यांनी चहा टाकला. गाडीतून येताना मी चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती म्हणून टाकली. काकू, तो मेसेज तुमच्याबद्दल नव्हता, सेक्रेटरीला फार वाईट वाटतंय, सगळे तुमची आठवण काढताहेत.

“मग कुणाबद्दल होता?” काकूंनी विचारलं.

मी कपात बघत राहिले. त्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी माझ्या तोंडून नाव फुटेना. सवय इतकी अंगात मुरते. 

“बरं, ते नको सांगूस. मला एवढंच सांग, माझा सूर लागतो का?”

खरं सांगते, मला तिथून पळून जावंसं वाटलं. ऑफिसातली आणि ग्रुपवरची सगळी वाक्यं एकदम जिभेवर आली. तुमचा भाव किती छान असतो, काकू. त्या हॉलचे स्पीकरच तसे आहेत. या वयात एवढं पाठ असणं म्हणजे. यातलं कुठलंही चाललं असतं, गेली दोन वर्षं चाललंच होतं. पण त्या आठवड्यानं माझा जीव इतका शिणला होता की आणखी एक गोड वाक्य तयार करायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी धीट वगैरे मुळीच नाही. नुसती थकले होते, म्हणून खरं बोलले.

“नाही, काकू. ऑपरेशन झाल्यापासून नाही लागत. वर गेलात की उतरता.”

काकूंनी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं आता रडतील, आणि मला स्वतःचा, सेक्रेटरीचा, त्या माईकचा, सगळ्यांचा संताप आला. काकू रडल्या नाहीत.

सगळ्यांना कळतं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

मलाही कळतं गं, त्या म्हणाल्या, आवाज गेलाय माझा, कान शाबूत आहेत. मग त्या काकांबद्दल सांगायला लागल्या. काका वीज मंडळात होते, गाण्याचा गंध नाही, पण कान तयार. सकाळी काकू तंबोरा घेऊन बसल्या की ते आतल्या खोलीत पेपर वाचत. सूर जरा घसरला की मान वर न करता तिथूनच ओरडायचे, उतरलीस. काकूंना असा राग यायचा की जेवणापर्यंत बोलायच्या नाहीत. एकदा तर त्यांनी मुद्दाम दार लावून रियाज केला, तर ते अंगणातून फिरून खिडकीशी आले. हे सांगताना काकू हसल्या. ते गेल्यावर पहिलं वर्षभर गाताना त्या एका शब्दासाठी कान लागून राहायचे, त्या म्हणाल्या. इथे आल्यावर सगळेच कौतुक करतात. मुलगा म्हणतो, यू साउंड ग्रेट, आई. सून व्हिडिओ काढते आणि बहिणीला पाठवते.

“पाहुण्यांच्या चुका कुणी काढतं का?” काकू म्हणाल्या. “सहा वर्षं झाली, मी अजून पाहुणीच आहे इथे. तो मेसेज वाचला ना, तेव्हा आधी बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणाच्या तरी लक्षात आलं. मग वाटलं, लक्षात आलं तर मला सांगायचं. गावाला कशाला सांगितलं?”

 मेसेज त्यांच्याबद्दल नव्हता, हे वाक्य आता कुठल्याच कामाचं नव्हतं. तो त्यांच्याबद्दलही असू शकत होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांनाही. नाव न घेतल्यामुळे त्यांचं काहीच वाचलं नव्हतं. आमचं मात्र वाचलं होतं, समोर बसून सांगायचं.

काकूंनी फोनवरचा तंबोरा लावला. “आता म्हणते. सांग.”

मी लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, त्यापलीकडे मला काही येत नाही. तरी बसले. त्यांनी एका जुन्या अभंगाची पहिली ओळ म्हटली आणि माझ्याकडे पाहिलं. उतरला, मी म्हटलं. त्यांनी परत म्हटली. परत उतरला. पट्टी खाली घेतली, तरी वरच्या जागी आवाज चिरकला. मी नाही म्हटलं. माझी दोनची मीटिंग चुकली, फोन थरथरत राहिला. मी नाही म्हणत गेले, त्या म्हणत गेल्या, आणि मला कळेना की मी या बाईचं भलं करते आहे की छळ. शेवटी कपाळावरचा घाम पुसून त्यांनी तंबोरा बंद केला.

“गुरुवारी ये,” त्या म्हणाल्या. येशील का, असं विचारलंच नाही.

काकू शनिवारच्या भजनाला परत आल्या नाहीत. ग्रुपवरही नाहीत. मी ग्रुप पुन्हा सगळ्यांसाठी उघडला. दिवाळीच्या कार्यक्रमात माईकवाल्यांनी सलग तीन गाणी म्हटली, आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीनं कुणाचंही नाव न घेता खुर्च्या जागेवर न ठेवणाऱ्यांबद्दल लिहिलं. पहिला अंगठा आला तो खुर्ची तशीच सोडून गेलेल्या माणसाचा. मी मधूनमधून एखादीला विचारते, काकूंना भेटायला जाता का. जायचंय गं, असं म्हणतात. त्यांचा आवाज किती छान होता नाही, असंही म्हणतात.

दर गुरुवारी मी जाते. डॉक्टरनं सांगितलंय की नसेला इजा झाली आहे, आवाज पूर्वीसारखा होणार नाही. काकूंनी आपली खालची पट्टी शोधली आहे, तिथे कधी कधी दोन ओळी नीट लागतात. लागल्या की मी लागल्या म्हणते. बहुतेक वेळा नाहीच म्हणते. त्या चिडतात, एकदा म्हणाल्या, तुला काय कळतंय, पेटीच्या दोन परीक्षांत. पुढच्या गुरुवारी परत बसल्या.

मागच्या गुरुवारी माझी पार दैना होती. ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज, रिलीज डोक्यावर, ग्रुपवर संक्रांतीच्या हॉलवरून नवीन जुंपलेलं. रस्त्यावर बर्फ होतं, गाडी काढायलाच वीस मिनिटं गेली. काकू गात होत्या आणि मी मांडीवरच्या फोनमध्ये कुणाचे तरी जोडलेले हात बघत होते. ओळ संपली. खोली गप्प झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता मी बोलायचं आहे.

“छान झालं, काकू,” मी म्हटलं.

काकूंनी तंबोरा बंद केला. त्या रागावल्या नाहीत. काका गेल्याचं सांगताना त्यांचा चेहरा जसा झाला होता, तसा झाला. मला इतकं वाईट वाटलं की फोन उलटा ठेवायचंही सुचलं नाही.

“दमलीस तर दमले म्हण,” त्या म्हणाल्या. “छान म्हणू नकोस मला.”

दमले, काकू, मी म्हटलं. मग ती ओळ परत म्हणायला लावली आणि शेवटी कुठे उतरल्या ते सांगितलं.